सॅन फ्रान्सिस्कोची फॅमिली रिसोर्स सेंटर्स : पाऊण वर्षाच्या वापरानंतर

सॅन फ्रान्सिस्कोत पाच वर्षांच्या आतलं मूल घेऊन राहणाऱ्या मराठी घरांसाठी हे लिहिते आहे. गेलं पाऊण वर्ष मी आणि आमचा मुलगा (आता अडीच वर्षांचा आहे) आमच्या भागातल्या फॅमिली रिसोर्स सेंटरला (लहान मुलांचे खेळ, पालकांचे वर्ग, मुलांची तपासणी असं सगळं जिथे असतं ते केंद्र) नेमाने जातो आहोत. तिथे आपली माणसं फार कमी दिसतात. त्याचं कारण मी बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकलं आहे. "अगं, ते लो-इनकमवाल्यांसाठी असतं ना? आपण कशाला कुणाची जागा अडवायची?" मैत्रीण हे अगदी मनापासून म्हणाली होती. भावना चांगलीच आहे, पण समज चुकीचा आहे, आणि त्या समजापायी कितीतरी आया दिवस दिवस फ्लॅटमध्ये एकट्या बसून राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैसा कुठून येतो ते बघू, कारण जागा अडवण्याचा प्रश्न तिथेच सुटतो. नोव्हेंबर 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन 10 मंजूर केलं. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर 50 सेंट कर आणि तो सगळा पैसा गर्भारपणापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, असा तो कायदा. दिग्दर्शक रॉब रायनर त्या मोहिमेच्या पुढे होते. जमा झालेल्या रकमेतले 80 टक्के काउंट्यांना जातात, तेही त्या काउंटीत किती मुलं जन्मली त्या प्रमाणात. राज्यात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं स्वतंत्र कमिशन आहे. त्यालाच लोक फर्स्ट फाइव्ह म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे इथे ते शहराचंच कमिशन झालं. 2022 मध्ये त्याचं आणि शहराच्या बालसंगोपन कार्यालयाचं काम एकत्र करून डिपार्टमेंट ऑफ अर्ली चाइल्डहुड हा नवा विभाग झाला. रिसोर्स सेंटर्सना निधी देणं आता या विभागाकडे आहे. सेंटर्स चालवतात मात्र त्या त्या भागातल्या संस्था.

म्हणजे इथे जन्मलेलं प्रत्येक मूल या हिशेबात आधीच धरलेलं आहे. तुम्ही गेलात म्हणून कुणाचा वाटा कमी होत नाही.

मग समानतेचं काय, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांना जास्त मिळतं का, असा प्रश्न येतो. कमिशनच्या कामाचा तर तोच गाभा आहे. मला जे दिसलं ते असं : दार सगळ्यांना उघडं, पण माणसं आणि पैसा जिथे गरज जास्त तिथे जास्त. बेव्ह्यू, व्हिजिटेशन व्हॅली, मिशन, टेंडरलॉइन, चायनाटाउन अशा वस्त्यांत सेंटर्स आहेत. काही सेंटर्स भागापुरती नसून बेघर कुटुंबांसारख्या विशिष्ट गटांसाठी आहेत. सगळी मिळून पंचवीसच्या आसपास भरतील. ही रचना मला पटली. फक्त गरिबांसाठी म्हणून पाटी लावली असती, तर गरीब आईलाही आत पाऊल टाकताना चारदा विचार करावा लागला असता. आमच्या प्लेग्रुपला मेक्सिकोतल्या युकातानहून आलेली, हॉटेलात खोल्या साफ करणारी एक आई येते, नातवाला घेऊन एक कँटोनीज आजी येतात, रात्रपाळी करून थेट येणारी एक नर्स असते. कोण फुकट घेतंय आणि कोण देतंय हे तिथे कळायला मार्गच नसतो. हजेरीच्या कागदावर मुलाचं नाव, जन्माचा महिना, झिप कोड आणि घरी कोणती भाषा बोलता एवढंच लिहायचं. पगार किती, व्हिसा कोणता हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

व्हिसाचा विषय निघाला आहे तर बोलून टाकते, कारण आपल्याकडची निम्मी भीती तीच आहे. "ग्रीन कार्डच्या फाइलला अडचण येईल" असं लोक म्हणतात. 2022 च्या पब्लिक चार्ज नियमात (अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, हे ठरवण्याचा नियम) मोजली जाते ती उपजीविकेसाठी घेतलेली सरकारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. प्लेग्रुप, पालकांचे वर्ग, मुलाची विकास-तपासणी यांत रोख रक्कम हातात येतच नाही. रोख मदतीच्या कुठल्या योजनेचा फॉर्म भरायची वेळ आली, तर मात्र आधी वकिलाला विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. आमच्या सेंटरला प्लेग्रुप आठवड्यातून दोनदा असतो. सकाळी दहाला सुरू होतो आणि दीड तास चालतो. तासभर मोकळं खेळणं, मग गोल करून गाणी, गोष्ट आणि थोडा खाऊ. मुलगा पहिले काही आठवडे माझ्या मांडीवरून उतरला नाही. कुणी त्याला ओढून नेलं नाही. तिथल्या ताईंनी फक्त एक पाण्याचं टब आणि चार वाट्या आमच्याजवळ आणून ठेवल्या आणि त्या दुसरीकडे निघून गेल्या. आता दाराशी पोचताच तो माझा हात सोडतो.

सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर ती विकास-तपासणी. एएसक्यू नावाची प्रश्नावली असते. बोलणं, मोठ्या हालचाली, हाताची बारीक कामं, अडचण सोडवणं आणि स्वतःचं स्वतः करणं व इतरांत मिसळणं असे पाच भाग, प्रत्येकात सहा प्रश्न. उत्तरं तीनच : हो, कधी कधी, अजून नाही. त्यांना 10, 5 आणि 0 गुण. डॉक्टरकडे हा फॉर्म वेटिंग रूममध्ये हातात देतात आणि आपण घाईघाईत खुणा करून मोकळे होतो. सेंटरमध्ये तिथल्या ताईंनी माझ्या शेजारी बसून एकेक प्रश्न मुलाकडून करून घेतला. ठोकळे रच, चेंडूला लाथ मार, माळेत मणी ओव.

मूल काट्याने (फोर्कने) खातं का, या प्रश्नावर मी अडखळले. आमच्याकडे वरणभात हातानेच. त्या म्हणाल्या, काटा त्याला कधी दिलाच नसेल तर त्याला येत नाही असं कसं म्हणणार? घरी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी देऊन बघा आणि मग सांगा. दोन दिवसांत त्याने फोडी टोचून खाल्ल्या.

बोलण्याच्या भागात खरी गोम होती. दोन शब्द जोडतो का, असा प्रश्न. इंग्रजीत तो काहीच जोडत नव्हता. मी 'अजून नाही'वर खूण करणार, तेवढ्यात तो माझी ओढणी ओढत म्हणाला, "आई, पाणी दे." त्या ताईंनी अर्थ विचारला. मी सांगितला. "मग हो लिहा," त्या म्हणाल्या. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात, हे मला तेव्हा नीट कळलं. त्यातूनही बोलण्याचे गुण थोडे कमीच आले, म्हणजे काळजीच्या रेषेच्या वर पण लक्ष ठेवण्याच्या पट्ट्यात. त्यांनी घाबरवलं नाही आणि 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाटेलाही लावलं नाही. घरी करायचे खेळ लिहून दिले. मराठी बंद करू नका, उलट जास्त बोला, असं बजावलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा गुण रेषेच्या बरेच वर गेले होते. घरात दोन भाषा असल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, हा समज आपल्या लोकांत अजून पक्का आहे, आणि तो मोडायला एवढी एक तपासणी पुरे आहे.

समजा गुण रेषेखाली आले असते, तर? तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी कॅलिफोर्नियात अर्ली स्टार्ट ही योजना आहे. तिथे नाव गेल्यापासून 45 दिवसांच्या आत मुलाची पाहणी आणि पुढच्या मदतीचा आराखडा ठरवण्याची बैठक व्हायला हवी, असा फेडरल नियम आहे. हा आकडा लक्षात ठेवा आणि गरज पडली तर फोनवर म्हणून दाखवा. तीन वर्षांनंतर ते काम शाळा जिल्ह्याकडे जातं. त्यामुळे शंका असेल तर तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघत बसू नका.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. नाशिक जिल्ह्यात त्यांनी कितीतरी वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम केलं. त्यांना घेऊन गेले, तर त्यांनी सगळी खोली नजरेखालून घातली आणि पहिला प्रश्न विचारला, "अगं, वजनकाटा कुठाय यांचा?" दर महिन्याला वजन, तक्त्यावर नोंद, कमी वजनाच्या मुलाच्या घरी फेरी, ही त्यांच्या हाताची सवय. इथे वजन डॉक्टरकडे होतं, आणि त्याची नोंद सेंटरला आपण सांगितली तरच कळते. हे त्यांना मुळीच पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेत आहार, लसीकरण, वजन आणि शिकणं एका छपराखाली आणायचा प्रयत्न आहे. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हे करून दाखवलं. त्या बाबतीत इथल्या श्रीमंत शहराने आपल्याकडून शिकावं. बाकी मात्र सासूबाई खूश होत्या. एका खोलीत एवढ्या मुलांमागे एवढी मोठी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "एकटीने चाळीस पोरं सांभाळली मी," त्या म्हणाल्या. नंतर त्या आणि ती कँटोनीज आजी शेजारी बसून मुलांची बडबडगीतं म्हणत असत. एकीला दुसरीचं अक्षरही कळत नव्हतं, पण हातवारे तंतोतंत जुळत.

पालकांच्या वर्गांबद्दल थोडक्यात. ट्रिपल पी नावाचा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेला कार्यक्रम इथे बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मुलाने काय चांगलं केलं ते नेमकं नाव घेऊन सांगणं, एवढी एक गोष्ट मी उचलली आणि ती घरात खरोखर चालते. उदाहरणं मात्र वेगळ्या खोलीत एकटं झोपणाऱ्या मुलाची. आमच्यासारखी तिघं एका पलंगावर झोपणारी घरं त्यात नाहीत.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत. सगळ्यात मोठी वेळेची. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला कोण येऊ शकतं? मी येते, कारण मी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) घरी आहे. दोन नोकऱ्या करणारी आई येऊ शकत नाही, आणि कमिशन जिच्यासाठी समानतेचं बोलतं ती नेमकी तीच आहे. शनिवारचे कार्यक्रम असतात, पण मोजके, आणि त्यांची नावनोंदणी बघता बघता भरते. दुसरी तक्रार वेळापत्रकाची. एका सेंटरला, नाव देत नाही, कॅलेंडर बघून बस बदलून पोचलो तर दाराला कुलूप. त्या दिवशीचा प्लेग्रुप रद्द झाल्याचं फक्त स्पॅनिश आणि चिनी मेसेजमध्ये कळवलं होतं. माझ्याबरोबर आणखी दोघी तशाच दाराशी उभ्या होत्या. मराठीत छापील काही आमच्या सेंटरला मिळत नाही. हिंदीतही नाही.

डायपर आणि धान्याच्या वाटपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो भाग ज्यांना गरज आहे त्यांचा. पगार नीट चालू असेल तर त्या रांगेत उभं राहू नये. नवरा-बायकोपैकी कुणाची नोकरी गेली असेल तर मात्र संकोच न करता उभं राहावं. गेल्या काही वर्षांतल्या लेऑफनंतर आपल्यातलीही काही घरं त्या अवस्थेतून गेली आहेत आणि कुणाला न सांगता गेली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

एक काळजी पैशाची आहे. 50 सेंटचा तो कर 1999 पासून तेवढाच आहे. महागाई वाढली, सिगारेट ओढणारे कमी झाले, 2022 च्या प्रॉपोझिशन 31 ने स्वादाची तंबाखू दुकानांतून गेली. लोकांच्या फुफ्फुसांसाठी हे उत्तमच, पण मुलांचा निधी आटत चालला आहे. सॅन फ्रान्सिस्को त्यातल्या त्यात सुदैवी, कारण जून 2018 मध्ये इथल्या मतदारांनी मोठ्या व्यावसायिक भाड्यांवर कर लावून तो बालसंगोपन आणि बालशिक्षणासाठी राखला. कोर्टकचेरीत तो पैसा 2021 पर्यंत अडकला होता. शेजारच्या काउंट्यांकडे असा स्वतःचा आधार असेलच असं नाही. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन मटेओकडे राहणाऱ्यांनी आपापल्या काउंटीच्या फर्स्ट फाइव्हकडे आत्ताच चौकशी करावी, कार्यक्रम चालू आहेत तोवर.

कमिशनच्या बैठका कायद्याने खुल्या असतात आणि कुणालाही उठून बोलता येतं. नागरिक असण्याची अट नाही. संध्याकाळचा आणि शनिवारचा प्लेग्रुप वाढवा, हे मी पुढच्या बैठकीत बोलणार आहे, आणि ती युकातानची आईही सुट्टी मिळाली तर येणार आहे. ज्यांना तेच हवं आहे त्यांनी जरूर या.

आणि पहिल्यांदा सेंटरला जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून त्या दिवशीचा कार्यक्रम आहे ना एवढं विचारा, मुलाचे जास्तीचे कपडे घ्या (पाण्याचं टब असतंच), आणि लसीकरणाचा कागद बरोबर असू द्या. आमच्या इथे तो कुणी मागितला नाही, पण प्रीस्कूलच्या अर्जाला तोच लागतो आणि त्या अर्जाची मदतही त्याच टेबलावर मिळते. चार वर्षं पूर्ण होणार असतील तर सरकारी शाळेतल्या ट्रान्झिशनल किंडरगार्टनबद्दलही (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) तिथेच विचारून घ्या. 2025-26 पासून ते राज्यातल्या सगळ्या चार वर्षांच्या मुलांना खुलं आहे, आणि फीही नाही.