तातामीची खोली की फ्लोअरिंगची? जपानमधलं लहान घर निवडताना

तोक्योत भाड्याचं घर शोधायला लागलं की एजंट लवकरच विचारतो: तातामीची, म्हणजे गवताच्या जाड चटया बसवलेली खोली चालेल, की फ्लोअरिंग, म्हणजे लाकडी किंवा व्हिनाइलची जमीनच हवी? बहुतेक जण फोटो बघून उत्तर देतात. तातामी सुंदर दिसते म्हणून हो, किंवा जुनाट वाटते म्हणून नको. पण जमीन कशी दिसते यावर हा निर्णय घेऊ नये. झोपायला काय वापरणार आणि ते दिवसा कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. जमीन कुठली हवी ते त्यातूनच ठरतं.

आधी मापं

जाहिरातीत "६ जो" असं लिहिलेलं असतं. जो म्हणजे एका तातामीएवढी जागा, पण तातामीचं माप सगळीकडे सारखं नसतं. क्योतोकडची क्योमा ९५.५ × १९१ सेंमी, तोक्योकडची एदोमा ८८ × १७६ आणि मोठ्या वसाहतींमधली दांचिमा ८५ × १७०. सहा तातामींची खोली क्योमात १०.९ चौरस मीटर भरते, एदोमात ९.३ आणि दांचिमात ८.७. दोन टोकांत २४ चौरस फुटांचा फरक आहे, म्हणजे एका सिंगल बेडहून जास्त. जाहिरातींच्या नियमानुसार १ जो किमान १.६२ चौरस मीटर धरावा लागतो, पण तो भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेला असतो. आत उभं राहिल्यावर खोली त्याहून लहानच निघते. तेव्हा घर बघायला जाताना टेप खिशात असू द्या.

अंथरूण: खरा फरक इथे आहे

एदोमाची सहा तातामींची खोली २.६४ × ३.५२ मीटर असते. ९७ × १९५ सेंमीचा सिंगल बेड त्यातला पाचवा हिस्सा कायमचा अडवतो, तर १४० सेंमी रुंदीचा डबल बेड जवळपास तीस टक्के. त्याच्या बाजूने चालायची जागा धरली की खोलीत बेडशिवाय काही उरत नाही.

तातामीची खोली मुळात बेडसाठी नाहीच. १०० × २१० सेंमीची शिकिबुतोन, म्हणजे खाली घालायची गादी, रात्री अंथरायची आणि सकाळी घडी करून ओशिइरेत ठेवायची. ओशिइरे हे सरकत्या दारांचं, मध्ये एक फळी असलेलं खोल कपाट. ज्यांनी चाळीतल्या एका खोलीत रोज गाद्या घालणं-काढणं पाहिलंय, त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. दोघांच्या गाद्या रात्री ४.२ चौरस मीटर व्यापतात आणि सकाळी ती सगळी जागा परत मिळते.

आता गोम कुठे आहे ते बघा. गादीची तीन पदरी घडी १०० × ७० सेंमी होते. ओशिइरे साधारण ८० सेंमी खोल असतं, त्यात ती नीट बसते. फ्लोअरिंगच्या खोलीतलं कपाट मात्र कपडे टांगण्यासाठी केलेलं असतं आणि त्याची खोली ६० सेंमीच्या आसपास असते. त्यात घडी शिरत नाही, दार अर्धवट उघडं राहतं, आणि दोन आठवड्यांत गादी कोपऱ्यात किंवा जमिनीवरच पडून राहायला लागते. फ्लोअरिंगच्या खोलीत जमिनीवर झोपायचा बेत बहुतेक घरांत याच कारणाने फसतो.

दुसरं कारण ओलावा. झोपेत एका माणसाचा साधारण पेलाभर घाम गादीत उतरतो. इगुसा या गवताची तातामी त्यातला काही भाग शोषून नंतर हवेत सोडते. लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन काहीच शोषत नाही. हिवाळ्यात अंगाची ऊब आणि थंडगार जमीन यांच्यामध्ये वाफेचं पाणी होतं. गादी चार-पाच दिवस उचलली नाही, तर तिच्या पोटाला काळे ठिपके दिसायला लागतात. ते धुऊन जात नाहीत.

फ्लोअरिंगवर गादी घालायचीच असेल तर तीन गोष्टी लागतात: किरी किंवा हिनोकी या लाकडांच्या पट्ट्यांची घडीची सुनोको चौकट, तिच्यावर ओलावा शोषणारी सिलिका जेलची चादर, आणि ८-१० सेंमी जाड गादी, कारण पातळ गादीतून लाकूड कमरेला टोचतं. सिलिकाच्या चादरीवर रंग बदलणारा ठिपका असतो. तो गुलाबी झाला की चादर उन्हात टाकायची. सुनोको मध्ये तंबूसारखी उभी राहते, तिच्यावर गादी तशीच टांगून दिवसभर वाळवता येते. एकट्या माणसासाठी ही सोय चांगली आहे.

तातामीवरही गादी दिवसभर पसरून ठेवता येत नाही. उठल्यावर ती लगेच घडी करून कपाटात कोंबू नका. अर्धा तास उलटी टाकून ठेवा, मग ठेवा. ओशिइरेच्या तळाशी आणि मागच्या भिंतीला छोट्या सुनोको लावा, आणि सरकती दारं दोन्ही टोकांना चार बोटं उघडी राहू द्या. ऊन असेल त्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान दोन्ही बाजू एकेक तास वाळवा. बाल्कनीच्या कठड्यावर गाद्या टाकायला काही इमारतींत मनाई असते. तिथे गरम हवेचं गादी वाळवायचं यंत्र घ्यावं लागतं. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पावसाळ्यात, ते नाहीतरी लागतंच.

रोज गादी उचलणं होणार नाही असं मनातून वाटत असेल, तर तातामीची खोली घेऊ नका. तातामीवर बेड टाकला की पायांचे खळगे पडतात, बेडखालची हवा कोंडते आणि ओशिइरे नुसतं अडगळीचं होतं. त्या खोलीचा मुख्य फायदाच जातो. आहे त्या तातामीवर बेड टाकणं भागच असेल, तर पायांखाली रुंद फळ्या घाला, बेड पट्ट्यांचा घ्या आणि भिंतीपासून ५ ते १० सेंमी सोडा.

आपलं स्वयंपाकघर आणि तातामी

इथे मराठी घरासाठी पारडं स्पष्टपणे फ्लोअरिंगकडे झुकतं. फोडणीचं तेल उडतं, वरणाची वाटी कलंडते, हळद सांडते. फ्लोअरिंगवरचा डाग ओल्या फडक्याने निघतो, फक्त सांध्यांत पाणी मुरू द्यायचं नाही, नाहीतर पट्ट्यांच्या कडा फुगतात. तातामीवर तोच डाग विणीत उतरतो.

सांडलंच तर घासू नका. टिश्यूने वरून दाबून ओल टिपा. तेलकट असेल तर त्यावर गव्हाचं पीठ किंवा बेबी पावडर टाका, तेल शोषू द्या, मग विणीच्या दिशेने व्हॅक्यूम करा. उरलेल्या डागावर सौम्य, न्यूट्रल साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, शेवटी ड्रायरची थंड हवा. खाण्याचा सोडा लावायचा मोह आवरा: सोड्याने हळद लाल पडते आणि इगुसा पिवळी. क्लोरीनच्या ब्लीचनेही इगुसाचा रंग बिघडतो. हळदीचा फिकट डाग उन्हाने बराचसा उडतो, पण उन्हात तातामीही हिरवीची सोनेरी होते, म्हणून सगळा पट्टा सारखाच उन्हात ठेवा.

स्वयंपाकघर आणि तातामीची खोली यांत दार नसेल, तर ती खोली नाकारलेलीच बरी. सरकती कागदी दारं वास पूर्ण अडवत नाहीत, पण तेलाची वाफ बरीच थोपवतात.

झाडलोट

तातामीवर ओलं पोतेरं फिरवायचं नाही. कोरडं फडकं किंवा व्हॅक्यूम, तेही विणीच्या दिशेनेच. आडवं ओढलं की इगुसाचे धागे उसवतात. नव्या तातामीवरून हिरवट-करडी भुकटी निघते. ती इगुसाला लावलेल्या मातीची असते, पहिले काही दिवस कोरड्या फडक्याने पुसत राहिलं की थांबते. बुरशी आली तर आधी अल्कोहोल फवारा, थोडा वेळ थांबा, मग मऊ ब्रशने विणीतून काढा. आधी व्हॅक्यूम केलं तर बुरशीचे कण खोलीभर उडतात. खुर्चीचे खळगे पाणी फवारून, वर ओलं फडकं ठेवून, मध्यम इस्त्री काही सेकंद टेकवली की बरेचसे वर येतात. आणि एक चूक टाळा: ऊब हवी म्हणून तातामीवर गालिचा टाकू नका. खाली ओल कोंडते आणि माइट्स वाढतात.

फ्लोअरिंगला यातलं काहीच लागत नाही. हा फायदा लहान नाही. लहान मूल असेल तर मात्र तातामीची बाजू पुन्हा वर येते, कारण पडणं आणि धावणं दोन्ही ती सोसते आणि खालच्या शेजाऱ्याकडे आवाज कमी जातो.

गुडघे

तातामीच्या खोलीत टेबल ३५ सेंमीच्या आसपास उंच असतं आणि बसणं जमिनीवर. नजर खाली आल्यामुळे साधारण २४० सेंमीचं छत उंच वाटतं, आणि त्या खोलीत मोकळं वाटतं ते यामुळेही. पण भारतातून आई-बाबा ९० दिवसांसाठी येणार असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर जमिनीवरून दिवसातून वीसदा उठणं त्यांना झेपणार नाही. खुर्ची, बेड आणि त्यासाठी फ्लोअरिंगची एक खोली हवीच.

पैसे आणि करार

तातामीचं वरचं आवरण तीन ते पाच वर्षांनी उलटवतात, पाच ते दहा वर्षांनी नवं घालतात, आणि आतला गाभा पंधरा-वीस वर्षं टिकतो. हा खर्च घरमालकाचा की तुमचा, हे करारावर ठरतं. भूमी, पायाभूत सुविधा, वाहतूक व पर्यटन मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेनुसार उन्हाने तातामीचा रंग उडणं ही नेहमीची झीज आहे आणि तिचा भार मालकावर असतो. सांडलेल्या पेयाकडे दुर्लक्ष करून आलेली बुरशी आणि डाग भाडेकरूच्या माथी. फ्लोअरिंगवर कपाटाच्या वजनाने पडलेले खळगे मालकाचे, पण चाकांच्या खुर्चीने पडलेले चरे भाडेकरूचे. घरून काम करणाऱ्यांनी खुर्चीखाली पहिल्याच दिवशी चटई टाकावी.

यावर मात करणारं एक वाक्य करारात असू शकतं: घर सोडताना तातामीचं आवरण बदलण्याचा खर्च भाडेकरूने द्यायचा, अशी विशेष अट. दर एका तातामीमागे लावतात, तेव्हा सही करण्याआधी तातामी किती आणि दर किती, हे आकड्यात लिहून घ्या.

तातामीची घरं बहुतेक जुन्या इमारतींत असल्याने त्यांचं भाडं कमी असतं. मात्र इमारतीची परवानगी १ जून १९८१ नंतरची आहे ना, ते विचारा. भूकंपाचे नवे निकष तेव्हापासून लागू झाले. घरं भाड्याने देणाऱ्या सरकारी यूआर संस्थेकडे घरमालकाला द्यायची आगाऊ बक्षिशीची रक्कम, दलाली, जामीनदार आणि नूतनीकरण शुल्क यातलं काही लागत नाही, आणि तिथे तातामीच्या खोल्या भरपूर मिळतात. तोक्योच्या निशिकासाई भागात राहणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांना हा पर्याय ठाऊक आहे. यूआर आणि घरगुती वस्तूंची कंपनी मुजी यांनी मिळून नव्याने सजवलेल्या काही घरांत इगुसाऐवजी तागाच्या धाग्याची तातामी असते. तिच्यावर खुर्ची-टेबल चालतं. जवळपास मिळत असेल तर अवश्य बघा.

फ्लोअरिंगवर तातामी टाकली तर?

सुट्ट्या तातामी मिळतात: ८२ × ८२ सेंमी, दीड ते अडीच सेंमी जाड, बिनकाठाच्या. एकाआड एक दिशा फिरवून मांडल्या की चौकडा दिसतो. लोक हौसेने चार घेतात. चार जोडून १६४ सेंमीचा चौरस होतो आणि २१० सेंमीची गादी त्याच्या बाहेर लोंबते. झोपायचं असेल तर सहा घ्या, २४६ × १६४ होतं. खाली न सरकणारी जाळी घाला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळ्या भिंतीशी उभ्या करून वाळवा. मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यासाठी कागदी किंवा प्लॅस्टिक धाग्याच्या घ्या. त्या पुसता येतात, पण इगुसाइतकी ओल शोषत नाहीत.

मग कोणी काय घ्यावं

एकटे, एका खोलीचं घर, उशिरा घरी येणारे: फ्लोअरिंग, सुनोको आणि घडीची गादी. जोडपं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर: एक तातामीची, एक फ्लोअरिंगची असं जुनं घर शोधा. जेवण फ्लोअरिंगवर, झोप तातामीवर. आमच्या मते लहान जपानी घराची ही सगळ्यात चांगली मांडणी आहे. लहान मूल असेल तरी हीच. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं माणूस घरात कायम राहणार असेल तर पूर्ण फ्लोअरिंग.

तातामीची खोली बघायला गेलात तर बूट काढून खिडकीजवळच्या तातामीवर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पाय खचला तर आतला गाभा कुजलाय, नवं आवरण घालून तो सुधारणार नाही. मग ओशिइरे उघडा, आत डोकं घालून वास घ्या आणि ते दारापासून मागच्या भिंतीपर्यंत किती खोल आहे ते मोजा. ७० सेंमीहून कमी भरलं, किंवा कुबट वास आला, तर पुढचं घर बघा.