हातखंब्याला डावीकडे की उजवीकडे

मुंबई-पुण्याचं कुणी रत्नागिरीत आमच्याकडे उतरलं, गणपतीपुळे झालं, थिबा राजवाडा झाला, की तिसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न येतोच, "इथे जवळपास गरम पाण्याची कुंडं आहेत ना?" आहेत की. पार पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांची माळच आहे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावांची नावंच काय ते सांगतात. पण सकाळी निघून रात्री जेवायला घरी यायचं असेल, तर आमच्यापुढे खरं म्हणजे दोनच वाटा. हातखंब्याला महामार्गाला लागलात की उजवीकडे लांजा, राजापूर, उन्हाळे. डावीकडे निवळी, बावनदी, संगमेश्वर, राजवाडी. किलोमीटर मोजत बसत नाही, डिझेल मला दोन्हीकडे जवळपास सारखंच लागतं. दोन्ही वाटांवर मी पाहुणे नेले आहेत, आईला नेलं आहे, आणि आता बहुतेक वेळा गाडी एकाच बाजूला वळते. तरीही आधी दुसऱ्या बाजूचं सांगतो, कारण तिचं पारडं काही हलकं नाही.

राजापूर हे जुनं बंदर. अर्जुना नदीतून गलबतं थेट गावापर्यंत येत. इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली आणि १६६१ मध्ये महाराजांनी ती लुटली, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. बाजारपेठेत फिरताना मात्र ते आठवत नाही, आठवतो तो पूर. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली दोघी मिळून पेठेत येतात, आणि पाणी कुठवर चढलं होतं ते दुकानदार हात भिंतीला लावून दाखवतात. पेठेत गेलात तर पंचे घ्या. राजापुरी पंचा हे नाव उगाच पडलेलं नाही, दोन धुण्यांनंतर तो जे पाणी टिपतो ते जाडजूड टॉवेलला जमत नाही.

उन्हाळे इथला झरा गावाबाहेर नदीच्या बाजूला. गोमुखातून पाण्याची धार अखंड पडते, आणि ती सोसवेल इतपतच गरम. लहान मुलंसुद्धा रडत नाहीत, आपण हौसेने घरी गीझर लावतो तसं. पुढे राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून जमिनीतून वर येणारं पाणी. चौदा कुंडं आहेत, आणि ही गंगा साधारण तीन वर्षांनी अवतरते असं म्हणायची पद्धत आहे. मनात आलं की येते, मनात आलं की जाते. शिवाय धूतपापेश्वर आहे. मृडानीचा धबधबा देवळाच्या अगदी कुशीत कोसळतो, आणि श्रावणात त्या आवाजात गुरुजींचे मंत्र ऐकू येत नाहीत. वेळ उरला तर देवाचे गोठणे. तिथलं सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं कातळशिल्प हे तर मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. कोकणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण त्या यादीपेक्षा माझ्या भाच्याला होकायंत्राचं कौतुक. जांभ्यातल्या चुंबकत्वामुळे त्या चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते. पोरगं अर्धा तास सड्यावर गोल गोल फिरत होतं.

मग अडलं कुठे? साबणात.

गंगा आली होती त्या वर्षीची गोष्ट, त्यात रविवार. आईचा हट्ट, आधी उन्हाळे इथे आंघोळ, मग गंगेत. रीतच तशी. धारेपाशी रांग लागलेली. एकेकाने खाली उभं राहायचं, दोन मिनिटं, आणि बाजूला व्हायचं. आमच्या पुढच्या चार-पाच तरुणांनी शाम्पूच्या पुड्या फोडल्या, दातांनीच. फेस धारेबरोबर खाली येत होता, पुड्यांचे कोपरे पायात चिकटत होते. कुणी तरी "साबण लावू नका हो" म्हणालं, त्यावर "सगळेच लावतात काका" असं उत्तर आलं. आईचा नंबर लागला तेव्हा खालचा दगड बुळबुळीत झाला होता. तिचा पाय सरकला. पडली नाही, माझ्या बायकोने दंडाला धरलं म्हणून. पण गुडघा आखडला तो आठवडाभर. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "गंगेत लोक पाप धुतात, इथे डोकी."

आता हे एका रविवारचं, तेही गंगेच्या गर्दीतलं. एरवी मंगळवारी वगैरे गेलात तर धारेखाली तुम्ही एकटेच असाल, हे मीच सांगतो. पण त्यातली मेख बघा. गंगा आलेली असली की माणसांची जत्रा, आणि गंगा नसली की चौदा कोरडी कुंडं बघून पाहुणे विचारतात, "हे बघायला आलो?" तारीख तुमच्या हातात नाही आणि रजा साहेबांच्या हातात.

डावीकडच्या वाटेवर कुंडं तीन, आरवली, तुरळ आणि राजवाडी. पहिली दोन महामार्गाच्या अगदी लगत. सोयीची, पण चौपदरीकरणाचं काम जिथे जिथे चालू असतं तिथे आंघोळ करून गाडीपर्यंत येईस्तोवर माणूस परत लाल होतो. म्हणून मी राजवाडीलाच नेतो. महामार्ग सोडून आत वळलं की हॉर्न मागे राहतात. सोमेश्वराचं जुनं देऊळ, लाकडी खांबांवरचं नक्षीकाम, आणि बाजूला कुंड. अंड्यासारखा गंधकाचा वास आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना वाफ. बायकोच्या जोडव्यांची चांदी तिथे काळवंडली होती, तेव्हा दागिने घरीच ठेवा.

पाणी इथे कडक आहे. उडी मारायची नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घाईने घोट्यापर्यंत पाय घातला आणि तसाच वर घेतला. काठावर बसलेले एक आजोबा हसले. "पाय सोडून बसा हो. पाणी कुठे पळून जात नाही." तसंच करायचं. आधी टाचा, मग नडग्या, मग पाच मिनिटांनी गुडघे, आणि वरून घ्यायला तांब्या. आईने दीड तास असे पाय सोडले. गुडघ्याला औषधी गुण लागला की नुसता शेक, ते वैद्यांनी ठरवावं. परतताना ती जिना आपणहून चढली, मला तेवढं पुरलं. (हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरला विचारलेलं बरं, इतकं कडक पाणी गंमत नाही.) आणि साबणवाले? नसतात असं नाही. पण त्या पाण्याखाली डोकं घालून कुणी फार वेळ रेंगाळत नाही, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटतो.

लहान मुलं बरोबर असतील तर हाच मुद्दा उलटा पडतो, हेही कबूल. चार वर्षांच्या पोराला राजवाडीत काठावर धरून बसणं म्हणजे शिक्षा. तेव्हा उजवीकडेच वळा, फक्त रविवार टाळा.

आंघोळ झाल्यावर डावीकडचा दिवस जास्त चांगला उलगडतो, निदान मला तरी. संगमेश्वराजवळ कसब्याला कर्णेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. मान दुखेपर्यंत वर बघावं असं छत. याच कसब्यात १ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज मुघलांच्या हाती सापडले. तिथे स्मारक आहे. पाहुणे दोन वाक्यं बोलतात आणि गप्प होतात. मीही त्यांना काही समजावून सांगत नाही.

मग देवरूखवरून मार्लेश्वर. पायऱ्या बऱ्याच आहेत, आई खाली टपरीवर बसते. गुहेत वीज नाही, समयांच्या उजेडात दर्शन, आणि बाहेर आलं की समोर धारेश्वराचा धबधबा. तेच पाणी बावनदी होऊन सकाळी आपल्याला महामार्गावर भेटलेलं असतं. देवरूखच्या पट्ट्यात उंबराच्या फळांवर धनेश पक्षी येतो. पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, जुना पंखा फुल्लवर लावल्यासारखा, आणि गाडी थांबवून उतरेपर्यंत तो पलीकडच्या झाडावर. ज्यांचे पाय शिवशिवतात त्यांच्यासाठी शृंगारपूरहून प्रचितगड आहे, पण तो अख्ख्या दिवसाचा आणि चांगल्याच दमाचा, वाट माहीत असलेला गावचा माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका.

परतीला आलेलाच रस्ता धरायची गरज नाही. देवरूखहून साखरप्याला उतरा, कोल्हापूर रस्त्याने पालीवरून हातखंब्याला बाहेर पडता. पालीला चहा घेताना कुणी तरी म्हणतंच, राजापूर राहिलंच की. राहू दे. गाडीच्या डिकीत दोन राजापुरी पंचे कायम असतात, राजवाडीला पाय पुसायला तेच काढतो.