ब्रेमेनचा स्कूल एक्स्चेंज : परतल्यानंतर सहा महिन्यांनी

माझी मुलगी पुण्यात आठवीत असताना तिच्या शाळेच्या जर्मन एक्स्चेंज कार्यक्रमात सहभागी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रेमेनजवळच्या एका लहान गावातली तिच्याच वयाची मुलगी बारा दिवस आमच्या घरी राहिली आणि मे २०२५ च्या अखेरीस आमची मुलगी सोळा दिवसांसाठी तिकडे गेली. परत आल्याच्या आठवड्यात कोणी विचारले असते, तर विमानतळावरचे फोटो दाखवत मी नुसते कौतुकच केले असते. आता सहा महिने उलटल्यावर पैसे कशाचे गेले आणि हाती काय राहिले, याचा हिशेब जरा नीट मांडता येतो.

खर्चापासून सुरुवात करतो. सहल-आयोजकाने माणशी १,८५,००० रुपये सांगितले होते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा ५ टक्के टीसीएस (आयोजकाने आगाऊ वसूल करायचा प्राप्तिकर), म्हणजे आणखी ९,२५० रुपये, भरावे लागतात हे मात्र शेवटच्या हप्त्याच्या वेळी कळले. ही रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते, पण ऐन वेळी काढावी लागतेच. दुसरी गोष्ट व्हिसाची. शिक्षकांबरोबर शिक्षणासाठी जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना शेंगेन व्हिसाचे (जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाचे) शुल्क माफ असते, तरीही आमच्या अंदाजपत्रकात ते लावलेले होते. एका पालकांनी नियम दाखवल्यावर ते निमूटपणे वगळण्यात आले. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि आई-वडील दोघांच्याही सह्यांचे संमतिपत्र आवश्यक असल्याने, पालकांपैकी कोणी परगावी किंवा परदेशी नोकरीला असेल तर या कामाला दोन महिने आधीच लागावे.

आता मुख्य मुद्दा. सोळापैकी पाच दिवस बर्लिन आणि हँबुर्गच्या दर्शनात गेले आणि खर्चाचा मोठा वाटाही त्याच दिवसांनी खाल्ला. त्या पाच दिवसांविषयी मुलगी आज काहीही बोलत नाही. बोलते ती फक्त त्या घराविषयी आणि शाळेविषयी.

पहिल्याच संध्याकाळी तिकडच्या आईने तिच्या हातात निळ्या फितीला बांधलेली घराची किल्ली दिली, बसचे वेळापत्रक दाखवले आणि उद्या दुपारी शाळेतून आपापले घरी यायचे असे सांगितले. फोनवर हे ऐकून मला, खरे सांगायचे तर, अपमानच वाटला. आम्ही त्यांच्या मुलीला बारा दिवस क्षणभर एकटे सोडले नव्हते. शनिवारवाडा, सिंहगड, आगाखान पॅलेस, दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन चार नातेवाइकांची घरे असे सगळे झाले होते. औंधात ब्रेमेन चौक आहे म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून तिला पाटीही दाखवली होती. नवव्या दिवशी तिने आज खोलीत एकटीच बसू का, असे विचारले, तेव्हा ती रागावली असावी या काळजीने माझ्या आईने तिच्यासाठी शिरा केला. किल्ली देणे हा त्यांचा पाहुणचार होता आणि एकटे न सोडणे हा आमचा. दोन्ही मुलींना तो आरंभी जाचच वाटला, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

जेवणाच्या बाबतीतही हेच झाले. संध्याकाळी साडेसहाला ब्रेड, चीज, काकडी असे थंड जेवण होई आणि बाहेर पावणेदहापर्यंत उजेड असे. दुसऱ्यांदा वाढायला विचारले की मुलगी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आधी ‘नको’ म्हणे, आणि ताटली लगेच पुढच्या माणसाकडे सरके. आग्रह होईल, मग घेऊ, या भरवशावर ती तीन रात्री अर्धपोटी झोपली. चौथ्या दिवशी फोनवर रडू आल्यावर आईने, म्हणजे माझ्या पत्नीने, तिला एवढेच सांगितले की पहिल्यांदाच ‘हो’ म्हण. आयोजकाच्या तयारी-वर्गात प्लगच्या प्रकारांवर अर्धा तास गेला होता. या एका वाक्यासाठी कोणाला वेळ झाला नव्हता.

संबोधनाचाही असाच घोळ. तिकडच्या आईने ‘मला नावानेच हाक मार’ असे तिला सांगितले होते, पण वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून मुलगी तीन-चार दिवस समोर जाऊन उभी राहून मगच बोलत असे. फिट इन डॉइच १ ही शाळकरी मुलांसाठीची जर्मनची प्राथमिक परीक्षा तिने उत्तम गुणांनी दिलेली होती, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

तिकडच्या शाळेत १ ही सर्वोत्तम आणि ६ ही सर्वात वाईट श्रेणी असते आणि वर्गातल्या तोंडी सहभागालाही गुण असतात. ब्रेमेनमधला दहा मीटर उंचीचा विटांचा हत्ती त्यांना शाळेनेच दाखवला. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. परदेशांतल्या जर्मन वसाहतींचे स्मारक म्हणून १९३२ मध्ये उभारलेला हा हत्ती १९९० मध्ये वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर झाला. तिथे शिक्षकांनी पाहुण्या मुलांना, तुमच्याकडे जुन्या सत्तेच्या पुतळ्यांचे काय केले, असे विचारले आणि आमची सगळी मुले गप्प राहिली. परत आल्यावर मुलीने हा प्रश्न आजोबांना विचारला आणि जेवणाच्या टेबलावर दोन दिवस तोच विषय चालला.

सहा महिन्यांनंतर जर्मन भाषेत फार प्रगती दिसते असे म्हणवत नाही. कानाला सवय झाली आहे, व्याकरण होते तिथेच आहे. वर्गात मात्र ती हात वर करून बोलते, आणि जरा जास्तच बोलते, अशी तक्रार पालकसभेत ऐकायला मिळाली. दोघी मुलींचे आठवड्याला एकदा बोलणे होते, तेही बहुतेक इंग्रजीत.

धाकट्याच्या वेळी याच कार्यक्रमाला आम्ही पुन्हा होकार देऊ. दर्शनाचे पाच दिवस वगळून तेवढे दिवस त्या घरी वाढवता येतील का, असे शाळेला लेखी विचारले आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलासाठी घराची एक जादा किल्ली मात्र आत्ताच करून ठेवली आहे.