जेनी लेक, सिग्नल माउंटन की कोल्टर बे? ग्रँड टीटनमधलं जुलैचं बुकिंग

वायोमिंगच्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कात ऐन हंगामात तळ्याकाठी मुक्काम करायचा, तर बहुतेकांची ओढाताण जेनी लेक, सिग्नल माउंटन आणि कोल्टर बे या तीन कॅम्पग्राउंडांतच (तंबू किंवा गाडी लावून राहायच्या तळांत) होते. तिन्हींचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी साइटवर आधीच करावं लागतं. ‘गेल्यावर बघू’ म्हणत गाडी काढण्यात अर्थ नाही.

जेनी लेक सगळ्यात लहान, साधारण 50 जागांचं, आणि फक्त तंबूवाल्यांसाठी. आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) किंवा ट्रेलर असेल तर हा पर्याय इथेच संपला. शॉवर नाहीत. तरी लोक तुटून पडतात, कारण कॅस्केड कॅन्यन या दरीकडे नेणारी बोट चालत गाठता येते आणि सकाळी लवकर भरणाऱ्या पार्किंगची कटकट राहत नाही. ट्रेकिंगसाठीच जात असाल तर यासाठी धडपड करावी, एरवी नाही.

सिग्नल माउंटन जॅक्सन लेकच्या काठावर आहे. समोर पाणी आणि पलीकडे टीटनची रांग, असं दृश्य हवं असेल तर हेच. पण जागा चढउताराच्या आणि आखूड आहेत. लांब आरव्हीवाल्यांनी नाद सोडावा, तंबूवाल्यांनीही आपल्या जागेचे फोटो उघडून सपाट भाग किती आहे ते पाहावं.

कोल्टर बे त्याच तळ्यावर, 300 च्या वर जागांचं. बहुतेक जागा झाडीत आहेत, त्यामुळे तंबूतून पाणी दिसेल ही अपेक्षा नको. काठ थोडा चालून गाठावा लागतो. बदल्यात जवळच शॉवर, लाँड्री, किराणा दुकान आणि बोटींचा धक्का. लहान मुलं बरोबर असतील तर आमचं मत सरळ कोल्टर बेला.

आता खरी मेख. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि हे महिने मोजतात ते मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून. 18 जुलैला पोचायचं तर 18 जानेवारीला, पार्कच्या घड्याळानं सकाळी 8 वाजता. त्यामुळे बुधवारपासून राहणारा माणूस शुक्रवार-शनिवारची रात्रही तुमच्या दोन दिवस आधीच उचलतो. शुक्रवारची खिडकी उघडते तेव्हा मोक्याच्या जागा गेलेल्या असतात, त्या याच कारणानं. तुमचं इंटरनेट मंद होतं म्हणून नव्हे. जेनी लेक हवंच असेल तर मुक्काम बुधवारी सुरू करा किंवा रविवार ते मंगळवार घ्या. ते जमणार नसेल तर कोल्टर बे.

त्या सकाळी आधीच लॉग-इन करून ठेवा, चार-पाच जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. कार्टमध्ये टाकलेली जागा 15 मिनिटं अडवून ठेवली जाते. पैसे न भरल्यास ती पुन्हा मोकळी होते. म्हणून सव्वाआठला आणखी एकदा बघाच.

हुकलं तर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवायचा. रद्द करायला 10 डॉलर लागतात, पण आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. साहजिकच पोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी जागा सुटण्याची शक्यता वाढते. साइटवर उपलब्धतेची सूचना लावून ठेवता येते, पण ती येईपर्यंत दुसराही टपलेला असतो, तेव्हा स्वतःही पान उघडत राहा. एकेका रात्रीसाठी जागा बदलायची तयारी असेल तर या वाटेनं सिग्नल माउंटनही मिळू शकतं. फक्त रोज तंबू उपटायचा वैताग आधी मोजून घ्या.