कॅम्पातला येशू आणि हजरत ईसांवरचा वर्ग: मनापासून रिव्ह्यू

पुण्याच्या कॅम्पात रविवारी संध्याकाळी येशू ख्रिस्त आणि हजरत ईसा (येशूंनाच मुस्लिम ईसा म्हणतात) यांच्यावर जो वर्ग चालतो त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगते, जरूर जा. पण "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात" हे ऐकायला जाणार असाल तर ते तिथे मिळणार नाही, आणि मला वर्ग आवडला तो त्याचमुळे.

शिकवणारे दोघं आहेत. सर मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, आयुष्यभर सेमिनरीत शिकवून रिटायर झालेले. आपा मुस्लिम, कॅम्पातच वाढलेल्या, अरबी शिकलेल्या, कॉलेजात इतिहास शिकवतात. मराठी दोघांचंही फर्डं. फी नाहीये, दाराशी डबा ठेवलेला असतो, ज्याला जे टाकायचं ते टाकावं. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे जोरात आवाज करतात त्यामुळे मागच्या रांगेत बसलात तर सरांचं अर्धं ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसा. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजच्या) अजानला ब्रेक होतो, ज्यांना नमाजला जायचंय ते जाऊन येतात आणि बाकीचे चहा घेतात. गाडी शक्यतो आणूच नका, रविवारी संध्याकाळी कॅम्पात पार्किंग म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायची गरज नाही, बसने किंवा रिक्षाने या.

आता मुद्द्याचं. मी स्वतः ख्रिस्ती घरातली, लहानपणापासून संडे स्कूल, उपासना, नाताळला कॅरल्स सगळं केलेलं, आणि आमच्या सोसायटीत शेजारीच मुस्लिम कुटुंब, ईदला शीरखुर्मा आमच्याकडे येतो आणि नाताळला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. इतकी वर्षं जाणं-येणं असूनही येशूबद्दल ते नक्की काय मानतात हे मला वरवरच माहीत होतं, आणि त्यांनाही आमचं तसंच. दोन्हीकडे एक भीती असते की विषय काढला तर वाद होईल, मग आपण खाण्यापिण्यावरच बोलत राहतो. या वर्गात ती भीती नाहीये. दोघांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कुणी कुणाला आपल्यात ओढायला आलेलं नाही, पण कुणी आपलं मानणं पातळ करूनही सांगणार नाही.

सुरुवात मरियमेपासून होते आणि ही निवड मला फार आवडली. आपांनी कुराणातली 19 वी सूरा म्हणजे अध्याय, सूरा मरियम, घेतली. 98 आयतींची (वचनांची) आहे. कुराणात नाव घेऊन उल्लेख असलेली बाई एकच, ती म्हणजे हजरत मरियम, हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना नवीन होतं. कुमारी मरियमेच्या पोटी येशू जन्मले हे दोन्हीकडे मान्य. पण चित्र वेगळं. लूकच्या शुभवर्तमानात (येशूंच्या आयुष्यावरचं बायबलमधलं पुस्तक) बेथलेहेम, गव्हाण, मेंढपाळ, योसेफ सोबत. सूरा मरियममध्ये योसेफ नाहीच, ती एकटी लांब निघून गेलेली, कळा सुरू झाल्यावर खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी येते आणि म्हणते की याच्या आधीच मी मरून गेले असते तर बरं झालं असतं, मग तिला आवाज येतो की दुःख करू नकोस, बुंधा आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील. आपांनी हे आधी अरबीत म्हटलं आणि मग मराठीत सांगितलं तेव्हा वर्गात बसलेल्या बायका, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत, एकदम गप्प झाल्या होत्या. बाळंतपणाच्या वेदनेबद्दल धर्मग्रंथात इतकं थेट लिहिलेलं असतं हे बऱ्याच जणींना माहीत नव्हतं.

तिथेच एक कॅथलिक आंटींनी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चचा विषय काढला. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये उभं राहिलेलं ते चर्च, तेही मरियमेच्याच नावाने. तिथून चर्चा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांच्या मरियमेबद्दलच्या फरकाकडे गेली. मरियम स्वतः मूळ पापाच्या (आदमपासून प्रत्येक माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापाच्या) डागाशिवाय गर्भात राहिली असं कॅथलिक चर्चने 1854 मध्ये अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केलं, आम्ही प्रोटेस्टंट ते मानत नाही. आणि मग आपांनी सांगितलं की हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींमध्ये, असं आहे की जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला सैतान स्पर्श करतो, अपवाद फक्त मरियम आणि तिचा मुलगा. आंटी इतक्या खूश झाल्या. आपांनी लगेच हेही सांगितलं की मूळ पाप ही कल्पनाच इस्लाममध्ये नाही, त्यामुळे हे सारखं दिसलं तरी पाया वेगळा. हीच या दोघांची पद्धत, साम्य सापडलं की खुश्शाल आनंद करू देतात आणि मग त्याच्या खालचा फरक दाखवतात.

नंतरचा वर्ग येशू कोण यावर, आणि तो जड आहे, थोडं वाचून गेलात तर बरं. सरांनी योहानाचा पहिला अध्याय घेतला, प्रारंभी शब्द होता, शब्द देव होता, आणि शब्द देही झाला. आपांनी 4 थ्या सूरेतली 171 वी आयत घेतली, तिथेही ईसांना अल्लाहचा शब्द म्हटलंय जो मरियमेकडे पाठवला, आणि त्याच्याकडचा आत्मा म्हटलंय, पण त्याच आयतीत बजावलंय की "तीन" म्हणू नका. तिसऱ्या सूरेत ईसांची तुलना आदमशी केलीये, मातीपासून घडवलं आणि "हो" म्हटल्यावर तो झाला, म्हणजे बापाशिवाय जन्म हा देवत्वाचा पुरावा नाही, निर्माणकर्त्याच्या सामर्थ्याचा आहे, असं आपांनी समजावलं. ईसा अंध बरे करतात, कुष्ठी बरे करतात, मेलेल्याला उठवतात, हे सगळं कुराणात आहे, पण प्रत्येक ठिकाणी अल्लाहच्या परवानगीने. मातीचा पक्षी करून त्यात फुंकर घातली आणि तो उडाला हीपण गोष्ट आहे, ती आमच्या चार शुभवर्तमानांत नाही, मात्र बायबलबाहेरच्या जुन्या ख्रिस्ती बालपणकथांमध्ये सापडते.

इथे एका मुलाने विचारलं की ख्रिस्ती लोक मरियमेला पण देव मानतात ना, बाप, आई आणि मुलगा. सरांनी शांतपणे सांगितलं की नाही, त्र्यैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि एकच देव, आणि "पुत्र" म्हणजे देवाने कुणाशी संसार करून झालेला मुलगा असं कुठलाच ख्रिस्ती मानत नाही, ती कल्पना आम्हालाही पापच वाटते. त्यावर आपा म्हणाल्या की 5 व्या सूरेत अल्लाह ईसांना विचारतो, मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का, तो प्रश्न आई-लेकाच्या पूजेबद्दलचा आहे, आणि तुम्ही त्र्यैक्य कितीही नीट समजावलंत तरी आमच्या तौहीदमध्ये, म्हणजे देव एकच या श्रद्धेत, ते बसत नाही. सर म्हणाले, हो, नाहीच बसत. इतकं सरळ बोलणं मी टीव्हीवरच्या कुठल्याच डिबेटमध्ये ऐकलेलं नाही.

आमच्यातल्या एका काकांनी मग अवतार हा विषय काढला, की आपल्याकडे राम-कृष्ण तसे येशू का. पुण्यात हा प्रश्न येणारच. सरांचं उत्तर होतं की ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच झालं, इतिहासातल्या एका ठिकाणी, पुन्हा पुन्हा होणारं नाही, आणि येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे शब्दांत बसवायला चर्चला 325 ची निकेया परिषद ते 451 ची खाल्केदोन परिषद (दोन्ही चर्चच्या धर्मगुरूंच्या मोठ्या बैठका) इतका काळ लागला. आपा म्हणाल्या, आमच्याकडे ईसा थोर पैगंबर, मसीह (ख्रिस्त), पण माणूसच. काकांचं समाधान झालं नाही पण प्रश्न नीट ऐकून घेतला गेला.

सगळ्यात भारी वर्ग वधस्तंभाचा. हा एकच करता आला तरी करा. कारण खरी भिंत इथेच आहे. 4 थ्या सूरेची 157 वी आयत म्हणते की त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावर दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं, आणि पुढच्याच आयतीत अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. मग वधस्तंभावर कोण होतं, असं विचारल्यावर आपांनी जुन्या भाष्यकारांची मतं एकेक करून फळ्यावर लिहिली, कुणी म्हणतात येशूंना धरून देणारा शिष्य यहूदा, कुणी म्हणतात क्रूस वाहणारा शिमोन, कुणी म्हणतात एका शिष्याने स्वतःहून ती जागा घेतली, आणि आजचे काही विद्वान म्हणतात आयतीचा रोख हा आहे की देवाच्या पैगंबराला संपवणं त्यांच्या हातात नव्हतं. आपांनी लपवलं नाही की यात एकमत नाही, पण ईसा वधस्तंभावर मेले नाहीत हे बहुतेक सगळे मुस्लिम मानतात.

सरांनी मग बायबलमधल्या 1 करिंथ या पत्राचा 15 वा अध्याय काढला. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं हे पत्र वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांतलं, आणि त्यात तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. सर म्हणाले, वधस्तंभ काढला तर ख्रिस्ती धर्मातून एक प्रसंग कमी होत नाही, सगळंच जातं. त्यावर आपा जे बोलल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही, आदमने माफी मागितली आणि अल्लाहने त्याला माफ केलं, एकाचं ओझं दुसरा वाहत नाही असं कुराण सांगतं, मग कुणी मरायचं कशासाठी? आणि सर म्हणाले, आमच्याकडे देव स्वतः ते ओझं उचलतो, प्रेम म्हणजे आम्हाला हेच दिसतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भांडण इतिहासातल्या एका शुक्रवारचं दिसतं पण खाली प्रश्न आहे माणसाला माफी कशी मिळते याचा. माझ्या शेजारणीला ईसांबद्दल इतका आदर असून उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची, वधस्तंभाच्या आठवणीची) उपासना तिला का परकी वाटते हे मला त्या संध्याकाळी समजलं.

आणखी एका गोष्टीसाठी मार्क देईन. व्हॉट्सअॅपवरचा कचरा हे दोघं आपापल्या बाजूचा आधी साफ करतात. एकाने बर्नबाच्या शुभवर्तमानाचा फॉरवर्ड वाचून दाखवला की बघा यात येशूऐवजी यहूदाला वधस्तंभावर दिलंय, चर्चने हे दडपलं. थांबवलं कुणी, तर आपांनी. म्हणाल्या, ते पुस्तक खूप उशिराचं आहे, त्याची हस्तलिखितं 16 व्या शतकाच्या आसपासची, आणि त्यात तर येशू मी मसीह नाही म्हणतात, जे कुराणाच्याच विरुद्ध आहे, तेव्हा याच्यावर काही उभं करू नका. दुसऱ्या वेळी एक ख्रिस्ती तरुण म्हणाला की अल्लाह हा वेगळाच देव, तेव्हा सरांनी त्याला सांगितलं की अरबी बोलणारे ख्रिस्ती त्यांच्या बायबलमध्ये देवाला अल्लाहच म्हणतात. दोघांपैकी कुणीही आपल्या माणसाला सूट दिली नाही.

कमी पडतं ते पण सांगते. येशूंच्या पुन्हा येण्याचा भाग घाईत उरकला. दोन्ही धर्म त्यांच्या परत येण्याची वाट बघतात, हदीसमध्ये ते न्यायी शासक म्हणून उतरतील आणि क्रूस मोडतील असं आहे, आमच्याकडे ते न्यायाधीश आणि राजा म्हणून येतील, इतका मोठा विषय शेवटच्या वीस मिनिटांत कोंबला आणि प्रश्नांना वेळच उरला नाही. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या बारीक अक्षरात आहेत की ज्येष्ठांना वाचताच येत नाहीत. आणि मराठी ख्रिस्ती परंपरेबद्दल अजून यायला हवं होतं, फादर स्टीफन्सचं 1616 चं ख्रिस्तपुराण, रेव्हरंड ना. वा. टिळक, यांनी येशू मराठीत कसा आणला यावर पुण्यात बसून बोलायचं नाही तर कुठे बोलायचं. हे मी सरांना सांगितलंय, ते म्हणाले पुढच्या बॅचला बघू.

जुन्या काळातली एक गोष्ट मात्र छान रंगवून सांगतात, मक्केतल्या छळाला कंटाळून सुरुवातीचे मुस्लिम 615 च्या सुमारास अॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाकडे) ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले, राजाने विचारलं तुमच्याकडे काय आलंय ते ऐकवा, आणि त्यांच्यातल्या जाफर यांनी सूरा मरियमच म्हणून दाखवली. राजाने ऐकलं, रडला, आणि त्यांना परत पाठवायला नकार दिला. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या इस्लामी वास्तूच्या आत 691-92 मध्ये कोरलेल्या मजकुराचा फोटोही आपा फिरवतात, त्यात मरियमपुत्र ईसांना सलाम आहे आणि त्याच ओळींत त्र्यैक्याला नकारही. फोटो नीट बघून घ्या, हातातून पटकन पुढे जातो.

जाण्याआधी योहानाचा पहिला अध्याय आणि सूरा मरियमचा मराठी अनुवाद वाचून जा, अर्ध्या तासाचं काम आहे. दहावीच्या पुढची मुलं नेली तरी चालतील, लहान कंटाळतील. शक्य असेल तर दुसऱ्या धर्माच्या ओळखीतल्या कुणाला तरी सोबत घ्या, मी पुढच्या बॅचला शेजारणीला घेऊन जातेय, तिने वधस्तंभाचा वर्ग आधी विचारून ठेवलाय.