वेरूळच्या गाइडने फ्रेंच कुठून सुरू करावं: टीव्ही ५ मोंडच्या फुकट साइटबद्दल

मी छत्रपती संभाजीनगरचा गाइड. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, हीच माझी रोजीरोटी. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि शहरातली दखनी एवढ्या शिदोरीवर आजवर भागलं. पण ऑक्टोबर ते मार्चच्या सीझनमध्ये फ्रेंच ग्रुप आले की त्यांच्यासोबत मुंबईहून किंवा दिल्लीहून फ्रेंच बोलणारा गाइड येतो आणि आम्ही लोकल मंडळी तिकिटं काढून देण्यापुरती उरतो. भाषेचा गाइड म्हटलं की पैसेही वेगळे मिळतात. म्हणून पावसाळ्यात परदेशी पर्यटक कमी असतात तेवढ्या वेळात फ्रेंच शिकायला बसलो. आता रिव्ह्यू लिहितोय तो टीव्ही ५ मोंड या चॅनेलच्या फ्रेंच शिकवणाऱ्या साइटचा. नवशिक्याने यावर वेळ घालवावा का, तर माझं म्हणणं, घालवावा. पण नुसता तिच्यावर विसंबला तर तोंड उघडणार नाही.

आधी काय काय करून पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुलना कळेल. मोबाइलवरचं एक खेळवत शिकवणारं अॅप घेतलं. चटक लागते, रोज घंटी वाजवून बोलावतं, मार्क देतं. घोडा सफरचंद खातो, माझी मांजर दूध पिते, असली वाक्यं मला झोपेतही यायला लागली. मात्र लेण्यासमोर उभं राहून त्यातलं एकही कामाचं नाही. मग एक ऑनलाइन क्लास लावला, नाव देत नाही. स्क्रीनवर पोरांची ही गर्दी, सगळ्यांचे माइक बंद, आणि मॅडम स्लाइड वाचून दाखवणार. बहुतेक पोरं अकरावी-बारावीची होती. त्यांना मार्क पाहिजेत, फ्रेंच स्कोअरिंग विषय आहे. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. क्रियापदांचे तक्ते मलाही पाठ झाले, पण कुणी चार शब्द सरळ बोललं तर एक शब्द पकडता येईना. फी भरलेली होती म्हणून शेवटपर्यंत बसलो, एवढंच.

फ्रेंचची खरी अडचण कानाची आहे. लिहिलेलं आणि बोललेलं यांचा संबंध लांबच्या नातेवाइकासारखा. शेवटची अक्षरं गिळतात, पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गिळलेलं अक्षर अचानक परत येतं आणि पुढच्या शब्दाला चिकटतं. माझ्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे प्रत्येक गाइडचं हुकमी वाक्य. फ्रेंचमध्ये ‘वरून खाली’ म्हणताना ‘द ओ’ आणि ‘आँ बा’ असे तुकडे तक्त्यात दिसतात. बोलताना मात्र ‘द ओताँ बा’. मधला त कुठून आला ते ऐकल्याशिवाय कळत नाही. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात ‘झ न से पा’ असं चार शब्दांत असतं, आणि रस्त्यावरचा माणूस ‘शे पा’ म्हणून मोकळा होतो. ज्याने फक्त पुस्तक वाचलंय त्याला वाटतं समोरचा शिंकला.

या ठिकाणी ही साइट कामाला येते. सगळं फुकट आहे. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या पातळ्या आहेत, ए-वन सगळ्यात सोपी. एक छोटा व्हिडिओ आणि त्यावर प्रश्न, असा साधा मामला. अगदी कोऱ्या पाटीच्या माणसासाठी ‘प्रमिएर क्लास’ नावाचा वेगळा विभाग आहे, सुरुवात तिथूनच करा. नाव-गाव, नमस्कार, आकडे, पत्ता विचारणं असले रोजचे प्रसंग, छोटे छोटे. प्रश्नांची उत्तरं टिचकी मारून किंवा शब्द ओढून जागेवर ठेवून द्यायची, बरोबर-चूक लगेच कळतं. मोबाइलचं अॅपही आहे. मराठीतून काही नाही, ते गृहीत धरा. सूचना मी फ्रेंचमध्येच वाचतो. पहिले काही दिवस ‘ऐका’, ‘निवडा’, ‘जोड्या लावा’ एवढीच क्रियापदं फिरून फिरून येतात, ती आपोआप डोक्यात बसतात. मला तर हा त्रास न वाटता फायदाच वाटला.

मी करतो कसं, तर व्हिडिओ पहिल्यांदा मोबाइल उलटा ठेवून नुसता ऐकायचा. पहिल्या वेळी मला काय ऐकू येतं? आकडे, शहरांची नावं, आणि ‘मेर्सी’ म्हणजे धन्यवाद. बाकी सगळा एकसंध गुळगुळीत आवाज. दुसऱ्यांदा चित्र बघत ऐकायचं, आता हातवाऱ्यांवरून निम्मं कळतं. मग प्रश्न सोडवायचे. आणि सगळ्यात शेवटी लिहिलेला मजकूर उघडून ओळीवर बोट ठेवत पुन्हा ऐकायचं, अडलं की थांबवून तेवढाच तुकडा मागे घ्यायचा. मजकूर आधी उघडण्याचा मोह होतो. उघडू नका, डोळा पुढे पळतो आणि कान आळशी होतो. वहीत मी ऐकलेलं देवनागरीत लिहितो आणि शेजारी खरं स्पेलिंग. शिकलेले लोक म्हणतात, असं लिहू नये, उच्चार बिघडतात. रोमन लिपीत वाचून इंग्रजी उच्चार करण्यापेक्षा देवनागरी शंभर पटीने बरी, माझं तरी हेच मत आहे.

कारण उच्चारात आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत, आणि हे कुठल्याही क्लासमध्ये सांगत नाहीत. फ्रेंचचे प, त, क हे आपलेच प, त, क. इंग्रजासारखी त्यात हवा सोडायची नाही. त आणि द दातावरचे, आपल्यासारखेच. नाकातले स्वर कोकणातल्या माणसाला आयते मिळतात, मालवणी बोलणाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना ते मुद्दाम घोटावे लागतात. ‘आँ’ आणि ‘ओँ’ यांत माझी अजून गल्लत होते. उलट र मात्र आम्हाला सोपा गेला. फ्रेंच र जिभेच्या शेंड्याचा नाही, घशातला. आमच्या शहरातल्या शहागंजात उर्दू बोलणारा माणूस ‘ग़ज़ल’ म्हणताना जो ग़ काढतो, त्याच्या अगदी जवळचा. पुण्याच्या लोकांना त्यासाठी गुळण्या करायला सांगतात म्हणे. आम्हाला चहाच्या टपरीवर ऐकू येतो.

तू आणि तुम्ही हा भेदही आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. लिंगाचीही सवय आहे, आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. फक्त आपलं लिंग तिकडे लागू पडत नाही. लेणं आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे ‘ला ग्रॉत’ ही बाई. डोंगर आपला पुरुष, तिकडे तोही बाई. पाठच करावं लागतं, इलाज नाही.

आता आकडे. गाइडच्या दृष्टीने सगळ्यात जिवावरचं काम. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. कॉफी मागणाऱ्याला चालून जाईल. मला दिवसातून दहा वेळा सांगायचंय की वेरूळ आणि अजिंठा १९८३ साली युनेस्कोच्या यादीत गेले: ‘मील नफ साँ कात्र-वँ-त्रवा’. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याला पोचला ते १८१९: ‘मील ह्वी साँ दीझ-नफ’. कैलास आठव्या शतकातला, अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. वेरूळची चौतीस लेणी, त्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. शंभरपर्यंतचे आकडे साइटवर आहेत आणि त्यांचा सराव चांगला होतो, पण वर्षं आणि शतकं सांगायची तर मुद्दाम शोधून जुळवावी लागली. मी एका पानावर माझ्या धंद्याचे सगळे सन काढले आणि गाडी चालवताना मोठ्याने म्हणत गेलो. खुलताबादच्या घाटात कुणी ऐकलं असेल तर वेडा म्हटलं असेल.

एक गोष्ट इथे खास आवडली. टीव्ही ५ हे नुसतं फ्रान्सचं चॅनेल नाही. १९८४ साली सुरू झालं तेव्हा फ्रान्सची तीन, बेल्जियमचं एक आणि स्वित्झर्लंडचं एक अशी पाच सरकारी चॅनेलं एकत्र आली, नावातला पाच तोच. पुढे कॅनडातला क्वेबेकही आला. त्यामुळे बोलणारे सगळे पॅरिसचे नसतात. आमच्याकडे बेल्जियमचे आणि स्वित्झर्लंडचे पर्यटकही येतात, आणि ते सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात, सरळ, आपल्याला समजेल असं. पॅरिसचंच फ्रेंच शिकलेला माणूस तिथे गोंधळतो. कान आधीच सरावलेला असला की चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह येत नाही.

कमी कुठे पडते तेही सांगायला हवं. ए-वनचा सगळा भर ‘मी कोण, कुठे राहतो, मला काय आवडतं’ यावर. जगभर ए-वन असंच असतं, हा काही या साइटचा दोष नाही. पण गाइडचं अख्खं बोलणं भूतकाळात चालतं: बांधलं, कोरलं, रंगवलं, राजा आला, राजा मेला. भूतकाळ ए-वनच्या अगदी शेवटी येतो, आणि ‘कोरलं गेलं’ ही रचना त्याच्याही पुढे. मी वाट न बघता ‘आ एते स्क्युल्प्ते’ एवढं वाक्य उचललं आणि पाठ केलं, व्याकरण नंतर येईल तेव्हा येईल. भूतकाळाची मराठी माणसाने धास्ती घेऊ नये. आपण ‘ती आली’ म्हणताना क्रियापद तिच्यामागे जातं आणि ‘तिने लेणं पाहिलं’ म्हणताना जात नाही. फ्रेंचमध्येही येणं, जाणं, जन्मणं, मरणं ही क्रियापदं कर्त्याच्या मागे जातात, पाहणं-खाणं वेगळ्या वाटेने. हुबेहूब नाही, पण इंग्रजीतून समजून घेताना डोकं फिरतं ते मराठीतून दोन मिनिटांत कळतं.

आणि मोठी उणीव म्हणजे बोलणं. तुमचा र चुकतोय, तुम्ही ‘ओँ’च्या जागी ‘आँ’ म्हणताय, हे सांगायला तिथे माणूस बसलेला नाही. त्यासाठी माणूसच लागतो. मी पुण्यात फ्रेंच शिकलेल्या एका मैत्रिणीला आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर पकडतो. ती पैसे घेत नाही, दिवाळीला खवा-जिलेबी पोचवीन म्हणालोय. तुमचं असं कुणी नसेल तर शिकवणीला पैसे मोजा, पण एकाला एक, आणि विषय बोलण्याचा. व्याकरणाचे तक्ते फुकट मिळतात, त्याला पैसे नकोत.

परीक्षेबद्दल बरेच जण विचारतात. डेल्फ ही फ्रेंचची सरकारी परीक्षा. तिची ए-वन पातळी शंभर मार्कांची, पन्नासला पास. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं हे चार भाग पंचवीस-पंचवीसचे आणि प्रत्येकात किमान पाच हवेत. सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. पुण्या-मुंबईला आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षा देता येते. मी अजून दिलेली नाही. समोर लेण्यात उभा असलेला फ्रेंच माणूस सर्टिफिकेट मागत नाही. तो आधी ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार, ऐकायला थांबतो. हे एक लक्षात ठेवा, ‘बाँझूर’ न म्हणता थेट माहिती सुरू केलीत तर तो मनातून नाराजच होतो, मग तुमचं व्याकरण कितीही शुद्ध असो.

प्रत्यक्षात किती उपयोग झाला? पूर्ण टूर फ्रेंचमध्ये अजून जमत नाही, आणि कुणी ए-वन करून टूर करतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. स्वागत, बूट काढा, फ्लॅश नको, पायरी सांभाळा, डोकं सांभाळा, खाली उतरायला इकडून, दहा मिनिटांनी इथेच भेटू, आणि चार-पाच लेण्यांची दोन-दोन वाक्यं, एवढं नीट होतं. बाकी इंग्रजी. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यात ‘साँ फ्लाश, सील वू प्ले’ म्हटल्यावर एका आजीबाईंनी मोबाइल खाली घेतला आणि माझ्याशी जे फ्रेंच सुरू केलं, त्यातलं तिसरं वाक्य मला कळलं नाही. पहिली दोन कळली. त्या क्लासमध्ये बसून तेवढंही कळलं नसतं.

पाचपैकी चार तारे. एक तारा बोलण्यासाठी राखून ठेवलाय. डेटा व्हिडिओत बराच जातो, त्यामुळे घरच्या वायफायवर बघा, डोंगरात रेंजच्या भरवशावर राहू नका. आणि आपल्या गाइड मंडळींपैकी कुणाला सन आणि आकडे एकमेकांना विचारत घोटायचे असतील तर मंगळवारी वेरूळ बंद असतं, मी दुपारी शहरातच असतो. सोमवारी अजिंठा बंद, पण त्या दिवशी मी वेरूळला असतो.