पंचविशीत आइस हॉकीचा नाद लागला: मायनर लीगचा ट्रायआउट, बिअर लीग, गोलीचे पॅड का रेफ्रीची शिट्टी?

मावसभाऊ २७ चा आहे, ओहायोत कोलंबसला असतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातलं कोणीतरी त्याला तिथल्या एनएचएल (आइस हॉकीची सर्वात वरची लीग) टीमच्या, ब्लू जॅकेट्सच्या, मॅचला घेऊन गेलं आणि तेव्हापासून गडी कामातून गेला. लर्न टू प्लेचा कोर्स झाला, हौशी मोठ्यांच्या अडल्ट लीगच्या सगळ्यात खालच्या डी डिव्हिजनमध्ये दोन सीझन झाले, आणि मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन, दादा खरं खरं सांग, एनएचएल वगैरे सोड, पण तीन-चार वर्षं झोकून दिलं तर एसपीएचएल नाहीतर एफपीएचएलमध्ये (सर्वात खालच्या पगारी लीग) एक तरी मॅच मिळेल का, का आयुष्यभर अडल्ट लीगच खेळत बसायचं. मी स्वतः २९ व्या वर्षी शिकागोच्या सबर्ब्समध्ये पहिल्यांदा बर्फावर उभा राहिलो (त्याआधीचा अनुभव म्हणजे लहानपणी एस्सेलवर्ल्डच्या रिंकवर रेलिंगला मिठी मारून काढलेली वीस मिनिटं), आता ३७ चा आहे, गुडघ्याला पट्टा बांधून अजून खेळतो. तर त्याला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते जरा नीट लिहितो, हा किडा अजून कोणाच्या डोक्यात असेल तर बघा.

आधी शब्दांचा घोळ. कॅनडात मायनर हॉकी म्हणजे लहान मुलांची हॉकी. ब्रॅम्प्टनच्या रिंकवर जाऊन मला मायनर हॉकी खेळायचीये म्हणलात तर मुलाचं वय विचारतील. आपण बोलतोय ते मायनर प्रो, म्हणजे एनएचएलच्या खालच्या पगारी लीग. एनएचएलच्या ३२ टीम, त्याखाली एएचएलच्याही ३२, त्याखाली ईसीएचएल तीसच्या आसपास, आणि मग सर्वात खाली एसपीएचएल आणि एफपीएचएल, जिथे पिओरिया, हंट्सव्हिल, डॅनबरी, बिंगहॅम्टन असल्या गावांच्या टीम असतात. लोकांना वाटतं सर्वात खालची लीग म्हणजे आपल्यासारख्यांसाठीची लीग. इथेच घोडं पेंड खातं. एसपीएचएलमध्ये जो शेवटच्या लाइनवर (सर्वात कमी खेळवली जाणारी तुकडी) बसलेला असतो ना, तो पाचव्या वर्षापासून खेळतोय, ज्युनियर लीग खेळलाय, चार वर्षं कॉलेज खेळलाय, आणि त्याच्या गावात तो स्टार होता. ती खालची पायरी आहे खरी पण ती पायरी तिसऱ्या मजल्यावर आहे.

हॉकीत उशीर म्हणजे काय याचं एक उदाहरण मी नेहमी देतो. एड जोव्हानोव्स्की, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) फ्लोरिडा पँथर्सनी पहिल्या नंबरवर घेतलेला डिफेन्समन, त्याच्याबद्दल सगळे कौतुकाने सांगतात की याने फार उशिरा सुरू केलं. किती उशिरा? अकराव्या वर्षी.

आता साधा हिशोब कर. पाचव्या वर्षी सुरू केलेला पोरगा अठराव्या वर्षापर्यंत आठवड्याला तीन-चारदा बर्फावर, वर्षातले तीस-पस्तीस आठवडे, म्हणजे हजार-दीड हजार वेळा तो रिंकवर उतरलेला असतो, आणि त्यात प्रॅक्टिस जास्त, मॅच कमी. तू आठवड्याला एक मॅच खेळतोस, बेंचवर पंधरा जण असतील तर तासातली वीस मिनिटं तुझी, त्यातला पक (हॉकीतली रबरी चकती) तुझ्या काठीवर किती वेळ तर हिशोब न केलेला बरा. त्यात स्टिक अँड पकचं, म्हणजे मोकळ्या सरावाचं, एक सेशन धर. वर्षाला शंभर वेळा म्हणजे डोक्यावरून पाणी. दहा-बारा वर्षं लागतील त्या अठरा वर्षांच्या पोराइतका बर्फ अंगाखालून जायला, आणि तोपर्यंत तू चाळिशीच्या दारात. मावसभाऊ पुण्यात इनलाइन स्केटिंग केलेला आहे, मेडलं आहेत त्याची, त्याला वाटतं तो फायदा आहे. आहेच की, बॅलन्स आणि पायातली ताकद फुकट मिळालेली आहे, पण चाकावर ब्रेक मारणं वेगळं आणि ब्लेड आडवं करून बर्फ खरवडत थांबणं वेगळं, आणि उलटं स्केटिंग करताना क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) मारायचा तर पहिले सहा महिने सगळं जुनं विसरायलाच जातात.

तरीही ट्रायआउट बघायचाच असेल तर रस्ता कसा असतो ते सांगतो. खालच्या लीग उन्हाळ्यात फ्री एजंट (कुठल्याच टीमशी करार नसलेले खेळाडू) कॅम्प लावतात. आपण पैसे भरायचे, आपल्या खर्चाने जायचं, हॉटेल आपलं, दोन-तीन दिवस स्क्रिमेज, म्हणजे सरावाच्या मॅच. मी ३१ व्या वर्षी अशा एका कॅम्पला गेलो होतो, कुठली टीम ते राहू दे. फॉर्मवर आधी कुठे खेळलात असा रकाना होता, तिथे मी अडल्ट लीगचं नाव लिहिलं आणि काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता दंडावर लावायचा नंबर दिला, सभ्य होत्या. पहिला ड्रिल साधा होता, निळ्या रेषेजवळून वळायचं, पास घ्यायचा, शॉट मारायचा. पास आला तो माझ्या काठीवर आपटून काठीच फिरली हातात. वेगाने नाही रे, त्याच्या वजनाने. डी लीगमध्ये आपण जो पास देतो तो पोस्टकार्ड असतो, येईल तेव्हा येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोर्डजवळ (रिंकच्या कडेची भिंत) मान खाली घालून पक शोधत होतो आणि एका एकवीस वर्षांच्या पोराने नियमात बसणारा चेक (अंगाने दिलेली धडक) दिला, बरगड्या तीन आठवडे दुखत होत्या. पदरमोड सगळी धरून आठशे-नऊशे डॉलर गेले. पश्चात्ताप नाही मला त्याचा, पण ते करिअर नव्हतं, ती जत्रा होती, आणि तिकीट काढून जत्रेला जातोय एवढं डोक्यात असेल तर जरूर जावं.

आणि समजा चमत्कार झाला, घेतलं तुला. मग? या तळातल्या लीगमध्ये पगार आठवड्याला काही शे डॉलर, राहायची सोय टीम करते, ऑक्टोबर ते एप्रिल बसने प्रवास, एसपीएचएलमध्ये पन्नासच्या वर मॅच. पगार फक्त सीझनपुरता. आणि आपल्या लोकांपैकी कोणी बोलत नाही तो मुद्दा म्हणजे व्हिसा. एच-१बी वर आहेस तर ज्या कंपनीने पिटिशन केलंय तिच्याकडेच काम करता येतं, हॉकी टीमकडून पगार घेता येत नाही, साइड इन्कम म्हणून तर नाहीच नाही. खेळाडूंचा पी-१ व्हिसा वेगळा, तो तुझ्यासारख्याला कोण काढून देणार. म्हणजे ग्रीन कार्ड नसेल तर मायनर प्रोचा प्रश्न खेळाच्या आधी कागदावरच संपतो.

आता दुसऱ्या बाजूला अडल्ट लीग, जिला सगळे बिअर लीग म्हणतात. हिला लोक उगाच नाकं मुरडतात. ए पासून डी पर्यंत लेव्हल असतात, बॉडी चेकिंगला बंदी, मॅचची वेळ म्हणशील तर रविवारी रात्री पावणेअकरा वगैरे, कारण चांगल्या वेळा मुलांना जातात. आमच्याकडे सीझनला साडेचारशे डॉलरच्या आसपास पडतात, पंधराएक मॅच. यूएसए हॉकीची (अमेरिकेतली हॉकीची राष्ट्रीय संघटना) मेंबरशिप वेगळी, तिच्यात इजेचा थोडा विमा असतो पण तो आपल्या स्वतःच्या इन्शुरन्सनंतर लागू होतो, तेव्हा तुझा डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती आहे ते आधी बघून ठेव, मी बघितला नव्हता. तोटे आहेतच. प्रत्येक डी लीगमध्ये दोन-तीन महाभाग असे असतात की जे कॉलेज खेळून आलेत आणि खाली येऊन आपल्याला गंडवतात, आणि कोच नसतो, त्यामुळे चुका पक्क्या होत जातात. पण इथे चढायला शिडी आहे. मला डी वरून सी ला जायला तीन वर्षं लागली आणि सी मधल्या पहिल्या गोलच्या रात्री मी घरी येऊन बायकोला उठवलं, तिचा प्रतिसाद इथे लिहिण्यासारखा नाही. शिवाय मोठं काहीतरी गाठायचं असेल तर यूएसए हॉकीच्या अडल्ट नॅशनल स्पर्धा आहेत, विस्कॉन्सिनमध्ये ईगल रिव्हरला गोठलेल्या तळ्यावर पाँड हॉकीची स्पर्धा असते, तिथे वयाप्रमाणे आणि लेव्हलप्रमाणे गट असतात, म्हणजे आपल्यासारखा माणूस खरोखर जिंकू शकतो.

तिसरा पर्याय गोली, म्हणजे गोलकीपर. याच्याबद्दल मावसभावाच्या डोक्यात डेव्हिड एअर्स आहे. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत एनएचएलच्या मॅचमध्ये कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि इमर्जन्सी गोली म्हणून ४२ वर्षांचा, किडनी ट्रान्सप्लांट झालेला, झांबोनी (बर्फ गुळगुळीत करायची गाडी) चालवलेला माणूस उतरला, दहातले आठ शॉट अडवले आणि कॅरोलायना ६-३ जिंकली. आमच्या शिकागोत २०१८ साली स्कॉट फॉस्टर नावाच्या अकाउंटंटने असंच उतरून शेवटची चौदा मिनिटं सातपैकी सात अडवले, शहराने डोक्यावर घेतलं होतं त्याला. गोष्टी खऱ्या आहेत, पण फॉस्टर हा वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीचा कॉलेज गोली होता आणि एअर्स मार्लीज आणि लीफ्स या टोरंटोच्या प्रो टीमच्या प्रॅक्टिसमध्ये नेहमी उभा राहायचा, तिशीत हौसेने पॅड बांधलेले नव्हते ते. वर एनएचएल आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२६-२७ पासूनच्या नव्या करारात प्रत्येक एनएचएल टीमने स्वतःचा कायमचा इमर्जन्सी गोली ठेवायचाय, म्हणजे ते दारही बंदच समज. मात्र रोजच्या अडल्ट लीगमध्ये गोली हा राजा असतो. सगळीकडे टंचाई, बऱ्याच ठिकाणी फी माफ किंवा अर्धी, पूर्ण मॅच बर्फावर, आठवड्याला चारदा खेळायला बोलावतील. बर्फावरचा वेळ हाच हिशोब असेल तर गोलीसारखा सौदा नाही. सुरुवातीला खिशाला मोठी चाट बसते, नवं किट दोन हजार डॉलरच्या पुढे जातं, आणि कंबर-जांघेचे स्नायू आधीच आखडलेले असतील (दिवसभर खुर्चीत बसणारे आपण) तर विचार करून.

चौथा रेफ्री. यावर कोणी बोलत नाही आणि मला तर वाटतं तिशीतल्या माणसासाठी खेळात वर जायचा हाच सगळ्यात मोकळा रस्ता आहे. ऑनलाइन मॉड्यूल, सेमिनार, परीक्षा, बॅकग्राउंड चेक, आणि दहा वर्षांच्या पोरांच्या मॅच मिळायला लागतात, मॅचमागे पैसे मिळतात, स्केटिंग तर असं सुधारतं की विचारू नको कारण बसायला बेंचच नाही. आईबापांच्या शिव्या खाव्या लागतात तेवढं आहे. आणि परत व्हिसा! ते पैसे म्हणजे काम, एच-१बी वर चालत नाही. मी ग्रीन कार्ड आल्यावर सुरू केलं.

मग भारताकडून खेळतो, हाही एक प्रश्न आला फोनवर. लेह-लडाखची पोरंपोरी गोठलेल्या तळ्यांवर वाढलेली आहेत, आपल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपला ब्राँझ आणलं, तिथे जागा रिकामी नाहीये.

तर त्याला सांगितलं ते असं. कागद नसताना ट्रायआउटसाठी नोकरी सोडायची नाही, तीन-चार वर्षं झोकून द्यायची भाषा नाही. एकदा कॅम्प कर, सुट्टी काढून, जत्रा म्हणून, पण आधी बी लेव्हलला पोच, नाहीतर माझ्यासारखा पहिल्याच पासला उघडा पडशील. तोवर डी खेळ, आणि मॅचपेक्षा कोच असलेल्या क्लिनिकवर जास्त पैसे घाल, तीन मॅच कमी खेळलास तरी चालेल. गोलीचं मन असेल तर आधी रिंकवरचं भाड्याचं किट घालून दोनदा उभा राहून बघ, तिसऱ्या वेळी जावंसं वाटलं तरच विकत घे. मानेचा गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून. अॅडम जॉन्सन हा प्रो खेळाडू २०२३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला मॅचमध्ये मानेला स्केटचं ब्लेड लागून वारला, त्यानंतर यूएसए हॉकीने मुलांना तो सक्तीचा केला, अडल्ट लीगवाल्यांना नाही, आणि आमच्या लॉकर रूममध्ये अजून अर्धे जण घालत नाहीत, त्यांना काय बोलणार.

त्याने शेवटी विचारलं बी ला पोचायला किती वर्षं लागतील. मी म्हणलं मला विचारू नकोस, मी आठ वर्षांनी सी मध्येच आहे. मग थोडा वेळ दोघंही गप्प, आणि मग म्हणाला, दादा, तुझे जुने शिन पॅड आहेत का अजून, माझ्या एकाचा पट्टा तुटलाय. आहेत, गॅरेजमध्ये आहेत, बॅगेची चेन उघडल्यावर मात्र दोन मिनिटं लांब उभा राहा.